पाच पौंडांचा दंड

१९१८ च्या नोव्हेंबरात तोफा थंडावल्या, परंतु दोस्त राष्ट्रांनी घातलेली नाकेबंदी मात्र तह होईपर्यंत उठली नाही, आणि तिचा खरा भार पडला तो व्हिएन्नातील व जर्मनीतील अर्भकांवर, ज्यांना युद्ध म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. शत्रूच्या मुलांची कीव करणे हा त्या दिवसांत इंग्लंडमध्ये जवळजवळ राजद्रोहच समजला जात असे. अशा वेळी एग्लंटाइन जेब या विदुषीने उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन बालकाचे चित्र छापलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली. ती सरकारी परवान्यावाचून छापल्याबद्दल तिच्यावर खटला भरला गेला आणि न्यायालयाने पाच पौंड दंड केला. नवल असे की, तिच्याविरुद्ध उभे राहिलेले सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीच तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून तिच्या हाती ठेवली. फिर्यादी पक्षाच्या वकिलाने आरोपीच्या कार्याला देणगी द्यावी, असे प्रसंग न्यायालयांच्या दप्तरात विरळाच!

१९ मे १९१९ रोजी आल्बर्ट हॉलमधील सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ जाहीर झाला. या कामी भगिनी डोरोथी बक्स्टन तिच्याबरोबर होती. १९२१ च्या रशियातील दुष्काळातही या निधीने अन्न पोहोचविले. परंतु माझ्या मते जेबबाईंची खरी थोरवी अन्नछत्रांत नाही. दयेचे रूपांतर त्यांनी हक्कात केले, यात आहे. १९२३ साली त्यांनी लिहिलेला पाच कलमांचा बालहक्कांचा जाहीरनामा पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाने स्वीकारला. १९२८ मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, जिनिव्हा येथे त्या निवर्तल्या. त्यांच्या जाहीरनाम्याचाच वारसा पुढे नेणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला.