वॉल्ट्झचे वळण आणि उतारवयातील तोल

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात रुजलेला वॉल्ट्झ हा जोडीने गिरक्या घेत करावयाचा नाच. गिरकी म्हटले की ज्येष्ठांना धास्ती वाटते, आणि ती अनाठायी नाही. वळताना तोल गेला तर माणूस बहुधा कुशीवर पडतो व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. पण सुरक्षित कसे वळावे, हे हाच नाच शिकवतो.

संथ वॉल्ट्झमधील प्राथमिक वळण पाहा. एका आवर्तनात तीन ठोके, तीन पावले : डावे पुढे, उजवे बाजूला, मग डावे त्याच्याजवळ. पुढील आवर्तनात उजवे मागे, डावे बाजूला, उजवे जवळ. दर आवर्तनाला शरीर डावीकडे केवळ पाव वळते. पूर्ण फेरीस बारा पावले लागतात. एका पायावरचा भार दुसऱ्यावर पुरता गेल्यावाचून पुढचे पाऊल उचलायचे नसते.

वेगाने वळून थांबल्यावरही अंतर्कर्णातील द्रव क्षणभर हलत राहतो. म्हणून घेरी येते. सावकाश वळल्यास हा त्रास कमी होतो.

तेव्हा ओट्यापाशी वा पलंगाजवळ वळताना पाय रोवून धड पिळू नका. मनात ‘एक-दोन-तीन’ मोजत लहान पावलांनी वळा. सोबत्यानेही हात ओढू नये. कोपराखाली आधार देऊन त्यांच्या पावलाची वाट पाहावी. नाच शिकण्याची इच्छा असल्यास, किंवा वारंवार चक्कर येत असल्यास, आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.