सुई लावल्याने गाठ ‘भडकत’ नाही

‘सुई लावू देऊ नकोस, गाठ भडकते.’ स्तनात गाठ लागली की बाईला हा सल्ला आधी मिळतो, डॉक्टर नंतर. सासू सांगते, शेजारीण सांगते. शिकलेला भाऊही तेच सांगतो तेव्हा संताप येतो. मग लेप लावण्यात महिने जातात.

सुई टोचल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. तरुण मुलींमध्ये बहुतेक वेळा सापडते ती फायब्रोॲडिनोमा, बोटाखालून निसटणारी, रबरासारखी. ती टोचली तरी तीच राहते. गाठ मुळातच कॅन्सरची असली तर? ही शंका मात्र रास्त आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५२ गाठी तपासल्या. ३२ टक्क्यांत सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सरकलेल्या दिसल्या. पण बायोप्सीनंतर, म्हणजे सुईने तुकडा घेतल्यानंतर, १५ दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं आणि २८ दिवसांनंतर झालेल्यांत १५. म्हणजे सरकलेल्या पेशी तिथे मूळ धरत नाहीत, बहुतेक मरून जातात.

‘मग तपासणी कशाला, थेट काढूनच टाका’ हे तर आणखी घातक. फायलोड्स नावाची गाठ सोनोग्राफीत फायब्रोॲडिनोमासारखीच दिसू शकते, पण काढण्याची पद्धत वेगळी. ते आधी कळायला नको?

साधी गाठ मोठं ऑपरेशन न करताही काढता येते. त्या जागेपुरती भूल देऊन काही मिलिमीटरचा छेद घेतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत गाठीखाली पोकळ सुई सरकवतात. सुईच्या कडेला खाच असते. व्हॅक्यूमने गाठीचा भाग खाचेत ओढला जातो, आतलं पातं तो कापतं. पडद्यावरची काळी गाठ तुकड्यातुकड्याने लहान होत जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या पद्धतीबाबत २००६ मध्येच मार्गदर्शन दिलं आहे. ‘तुकडे झाले, आता तपासणार काय?’ असंही विचारतात. तेच तुकडे पॅथॉलॉजीत जातात.

टाके नाहीत म्हणजे त्रासच नाही, असं नाही: जागा काळीनिळी पडते, कधी रक्त साकळतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. प्रत्येक गाठ काढावीच लागत नाही: खात्री झालेली, न वाढणारी फायब्रोॲडिनोमा तशीच ठेवता येते. आणि ‘दुखत नाही, म्हणजे साधीच असणार’? कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.