जड दगड तरंगतो, गाळ मागे उरतो

मुंबई-पुणे रस्त्यावरील लोधिवलीच्या आसपास जमीन खणली तर काळा कातळ लागतो. तांब्याची खाण निघावी अशी ही भूमी नव्हे. परंतु याच खालापूर तालुक्यात खोपोलीला १९१५ पासून वीज निर्माण होत आहे, आणि जनित्रातील वेटोळी तांब्याचीच असतात. हे तांबे दगडातून सुटते कसे, याची विचारपूस विजेचे बिल भरणारा सहसा करीत नाही.

गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची खाण १९८२ पासून चालू आहे. तेथील खनिजात तांबे शेकडा एकच्या आसपास. असा दगड तसाच भट्टीत घालणे म्हणजे किलोभर तांब्यासाठी नव्याण्णव किलो निरुपयोगी दगड तापविणे. म्हणून तो पिठासारखा दळतात, पाण्यात कालवितात आणि त्यात झँथेट नावाचे रसायन अगदी अल्प प्रमाणात घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक गंधकयुक्त खनिजाला धरते, दुसरे पाण्याला टाळते. अळूच्या पानासारखा तो कण मग पाण्याने भिजत नाही. हवा सोडली की तो बुडबुड्याला बिलगून फेसाबरोबर वर येतो. गारगोटीचा कण त्याहून हलका, तरी तोच खाली राहतो! वजनाचा न्याय येथे चालत नाही. चालतो तो पृष्ठभागाचा.

लोखंडाचे गंधकी खनिजही या फेसात घुसू पाहते. त्याला चुना घालून खाली दाबतात. राजस्थानात जावरला शिसे आणि जस्त एकाच दगडात सापडतात. तेथे प्रथम शिशाचे खनिज वर काढतात. मग जस्ताच्या कणांवर मोरचुदातील तांब्याचा पातळ थर बसवितात, तेव्हा कोठे झँथेट त्यांना धरते. शेतकऱ्याच्या फवाऱ्यातले मोरचूद येथे असे उपयोगी पडते.

अमेरिकेत कॅरी एव्हरसन या बाईंनी तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळे करण्याचे पेटंट १८८६ सालीच मिळविले होते. धंद्याला जाग आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला फेकून दिलेल्या ढिगाऱ्यांत जस्त दिसू लागले तेव्हा.

आता उरलेल्या गाळाचा हिशेब. शंभर किलो दगडातून तांब्याचे समृद्ध खनिज निघते चारएक किलो. बाकीचे शहाण्णव किलो बारीक पीठ बांध घालून साठवावे लागते. त्यातील लोहगंधकाला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योला २०१९ साली लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटून सुमारे २७० माणसे दगावली. कारखान्यांच्या सांडपाण्याची चिंता पाताळगंगेच्या काठच्या गावांना नवी नाही. पण कारखाना बंद झाला की सांडपाणी तरी थांबते. खाण संपल्यावरही हा बांध राखावाच लागतो. खाण बंद करण्याचा आराखडा नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडे द्यावा लागतो. बांधाची पुढची राखण कोणी आणि किती वर्षे करावयाची, हे त्या आराखड्यात पैशांच्या तरतुदीसह लिहिलेले असले पाहिजे, आणि तो खर्च तांब्याच्या भावातच धरला पाहिजे.