पहाटेचा तास रात्रीच वाचतो



असीरगडहून बुऱ्हाणपूरचा बाजार वीसेक किलोमीटर. मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. जाळ्यात मेलेला मासा कोमट पाण्यात राहिला की मऊ पडतो, कल्ल्यांचा लाल रंग उडतो. गिऱ्हाईक आधी कल्लाच उचलून बघतं. मेहनत तेवढीच, भाव मात्र पडतो. बाजारात बसणाऱ्या घरच्या बाईला तेच ऐकून घ्यावं लागतं.

उशीर पाण्यावर कमी, घरात जास्त होतो. म्हणून या सवयी लावा:

• रात्री जेवणाआधी वल्हं, दोर, बॅटरी, पेटी, वजनकाटा एका जागी ठेवा.
• बर्फ आदल्या संध्याकाळीच सांगा. उन्हाळ्यात किलो माशाला किलोभर बर्फ धरा.
• नऊला मोबाईल बाजूला, उजाडताच जाळं वर.
• जाळं उचलल्याची वेळ अन् मिळालेला भाव वहीत लिहा. महिनाभरात उशिराची किंमत आकड्यात दिसेल.

16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते. जाळी, होडी, कागदपत्रं तेव्हाच उरका. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

– सचिव