सायकलचे चाक ओझ्याने नव्हे, ढिलाईने मोडते

2003 सालची गोष्ट आहे. मालेगावातल्या आमच्या दुकानात कोऱ्या कापडाचे तागे यंत्रमागाच्या कारखान्यांतून सायकलवर येत असत. माल आणणारा मुलगा मेहनती होता, पण दर आठ-पंधरा दिवसांनी मागच्या चाकाची एखादी तार, म्हणजे स्पोक, तुटलेली असायची. दुरुस्तीचा खर्च दुकानाचा आणि तोवर ग्राहक खोळंबलेला. हा मुलगा एका खेपेत जास्त माल लादतो, अशी माझी पक्की समजूत झाली. दोन वेळा त्याच्या मजुरीतून पैसेही कापले.

शेवटी एका वृद्ध सायकल मिस्त्रींकडे चाक नेले आणि जाड तारा टाकून द्या म्हणालो. त्यांनी चाक फिरवत एकेक तार बोटाने वाजवून पाहिली. काही खणखणत होत्या, काही नुसत्या थडथडत होत्या. "सेठ, तुम्ही कापडवाले. ताण्याचे काही धागे ढिले राहिले तर काय होते?" मी गप्प झालो. ढिला धागा धोट्यात अडकून तुटतो, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक असते.

चाकाचेही तसेच आहे. सर्व तारा ताणलेल्या असतात म्हणून ते ओझे पेलते. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की पुन्हा वाढतो. मुळात ताण भरपूर असेल तर काही बिघडत नाही. तार ढिली असेल तर दर फेऱ्याला ती पूर्ण सैल पडते आणि हबच्या भोकापाशी, जिथे तिला वाक आहे, तिथेच झटका बसतो. 28 इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. म्हणजे रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या सायकलच्या प्रत्येक तारेला साडेचार हजार झटके! खड्डे असतील तर ते आणखी जोरात. तार पुढे-मागे वाकवून तोडतात तसाच हा प्रकार. जाड तारेने हा रोग जात नाही. जाड तार कमी लांबते, म्हणून रिम जराशी दबली तरी तिचा ताण लवकर जातो.

त्या मुलाचे कापलेले पैसे मी त्याच दिवशी परत केले.

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात, कारण बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. त्यातली एक तुटली तर शेजारच्यांवर ताण येतो आणि मग एकामागून एक तुटतात. उजव्या बाजूची तार बदलायची तर फ्रीव्हील उतरवावे लागते. तेवढा त्रास नको म्हणून काही दुकानदार 'एका तारेने काय होते' म्हणत गाडी तशीच परत देतात. ऐकू नका, त्याच दिवशी बदलून घ्या. वरचेवर तारा तुटू लागल्या तर मात्र सगळ्या तारा नव्या टाकून घेणेच स्वस्त पडते. नवे चाक महिनाभरात थोडे बसते, म्हणून तेव्हा एकदा ताण पुन्हा पाहून घ्यावा.

चाक आउट झाले आहे का, हे घरीही कळते. सायकल उलटी करा, रिमजवळ खडू धरा आणि चाक फिरवा. जिथे खडू लागतो तिथे रिम त्या बाजूला ओढली गेली आहे. पलीकडच्या बाजूच्या तारांचे निपल चावीने पाव फेरा आवळायचे, अलीकडचे तेवढेच सोडायचे. एकदम जास्त फिरवले तर दुसरीकडे बिघडते. निपल गंजले असतील तर आधी तेलाचा एक थेंब सोडावा, पण टायरला तेल लागू देऊ नये.

हवेकडे तर आपले लोक पाहतच नाहीत. कमी हवेत ओझे घेऊन खड्ड्यात गेले की रिमला पोचा पडतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छेद जातात. टायरच्या बाजूला हवेचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचावा. ओझे दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. पावसाळा संपला की हब उघडून छर्रे धुऊन ग्रीस भरून घ्यावे. कोन इतपतच आवळावा की चाक मोकळे फिरेल, पण हाताने आडवे हलवल्यास खेळणार नाही.