वजन किती, हे नंतर. आधी सांगा, खाली किती गेलात?

उत्रोली आणि भोर परिसरातली कॉलेजची खेळाडू मुलं-मुली आज समोर आहेत, काहींचे पालकही आलेत. विषय एकच घेतला आहे : फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी ताकदीसाठी स्क्वॉट मारताना खाली किती जायचं? प्रश्न साधा वाटतो, पण वर्षभराची मेहनत त्यावर फुकट जाऊ शकते. ती कशी, ते आधी सांगतो.

आमच्यापैकी एकजण कॉलेजात असताना जिमच्या वहीत स्क्वॉटपुढे 120 किलो लिहायचा. निवड चाचणीच्या आधी एका जाणत्या माणसानं त्याच्यामागे एक बुटकं बाकडं ठेवलं आणि म्हणाला, "याला टेकून उठ." 120 सोडाच, 70 किलोला जेमतेम उठता आलं. कारण तोवरचे सगळे स्क्वॉट म्हणजे गुडघे जरासे वाकवून परत उभं राहणं होतं. वजन दर आठवड्याला वाढत होतं आणि खोली दर आठवड्याला कमी होत होती. कुणी सांगितलंच नव्हतं.

असं का होतं? उभे असताना खांद्यावरचं वजन हाडांवर सरळ उतरतं. खाली जाल तसतसे गुडघा आणि कंबर त्या वजनाच्या रेषेपासून दूर जातात. मांडी जमिनीला समांतर होते तिथे हे अंतर सगळ्यात जास्त, म्हणून सगळ्यात अवघड जागा तीच. बादली अंगाजवळ धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक तोच हा. जो समांतरच्या बराच वर थांबतो, तो नेमका अवघड भाग वगळतो. मग वजन वाढणारच! पण ती वाढ कागदावरची.

आता भीतीबद्दल बोलू. "खोल बसलास तर गुडघे जातील," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचा मोठा प्रसार अमेरिकेतून झाला. 1961 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वेटलिफ्टरांचे गुडघे तपासले आणि खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असं मांडलं. पुढे इतरांनी तशीच तपासणी केली, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. पण सल्ला मात्र राहून गेला. गंमत बघा, जिथे आजी चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी थापते, तिथल्या नातवाला आपण सांगतो की खाली बसू नकोस.

गुडघ्यात प्रत्यक्ष काय होतं? वाटीच्या मागचा दाब साधारण काटकोनापर्यंत वाढत जातो. त्यापुढे मांडीच्या स्नायूचा जाड कंडरा मांडीच्या हाडाला टेकतो, पोटरी मांडीला लागते आणि भार वाटला जातो. शिवाय खोल जाताना वजन मुळातच कमी घ्यावं लागतं. अर्ध्यावरच्या स्क्वॉटमध्ये माणूस भलतंच वजन चढवतो. तो भार कण्यावरही येतो. म्हणून निरोगी गुडघ्याला धोका खोलीचा कमी. घाईचा आणि हावरेपणाचा जास्त.

खोलीनं खेळात काय फरक पडतो? जर्मनीत क्रीडाशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर 10 आठवड्यांचा एक प्रयोग झाला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. खोल स्क्वॉट करणाऱ्यांची उभी उडी सुधारली. पाव स्क्वॉट करणाऱ्यांचं वजन वाढलं, पण उडीत तसा फायदा दिसला नाही. याच्या उलट 2016 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 16 आठवड्यांनंतर पाव स्क्वॉट करणारे कॉलेज खेळाडू उडीत आणि धावण्यात पुढे निघाले. मग खरं कोण? आमच्या मते दोन्ही. दुसऱ्या अभ्यासातले खेळाडू आधीपासून कसलेले होते. ज्या कोनात सराव कराल त्या कोनात ताकद सगळ्यात जास्त वाढते, आणि धावताना-उडताना गुडघा फार वाकत नाही. म्हणून पाव स्क्वॉट हा वरचा मजला आहे. पाया खोल स्क्वॉटचा. पाया नसताना मजला चढवू नका.

आपल्याकडे हा पाया जुना आहे. कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावं ऐका : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमी आणि फुटबॉल तिथे एकाच पेठेत वाढले. ऑलिम्पिकमध्ये 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हेसुद्धा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पण इथे एक गल्लत होते. तालमीतली बैठक टाचा उचलून, लयीत, शेकड्यानं मारतात. तिनं दम आणि चिवटपणा येतो. वजनाचा स्क्वॉट टाचा टेकवून, मोजक्या वेळा. त्यानं जोर वाढतो. पाचशे बैठका मारणारा मुलगा टक्कर घेताना कमी पडला तर नवल नाही. खोली तीच, काम वेगळं.

आता उद्यापासून काय करायचं, ते लिहून घ्या.

पहिलं, मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून बाजूनं चित्रण करा. मांडी आणि धड जिथे दुमडतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली गेली, तर खोली पुरी. टाच उचलली जाते का, कंबर गोल होते का, गुडघे आत पडतात का, हेही बघा. यातलं काही होत असेल तर त्याच्या जरा वर थांबा. आजची तुमची खोली तीच.

दुसरं, घोटा आखडलेला असेल तर टाचेखाली बोटभर जाडीची फळी घ्या आणि छातीशी हलकं वजन धरून सराव करा. मागे ठरावीक उंचीचं बाकडं ठेवा. त्यावर आदळायचं नाही, नुसतं टेकायचं.

तिसरं, आठवड्यातून दोन दिवस, पाच-पाचचे तीन सेट पुरेत. स्पर्धा सुरू झाली की एक दिवस. सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. खोली तशीच राहिली तरच अडीच किलो वाढवा.

चौथं, मांडीच्या मागच्या स्नायूला विसरू नका. धावताना ताणला जातो तो तोच, आणि स्क्वॉटमध्ये त्याला पुरेसं काम मिळत नाही. त्यासाठी जोडीदारानं घोटे धरायचे, आपण गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचं. फिफानं आखलेल्या '11 प्लस' या साधारण 20 मिनिटांच्या तयारीत हा व्यायाम आहे, स्क्वॉटही आहेत.

एका पालकांनी विचारलंय : "गुडघा कटकट वाजतो, मग?" नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. पण सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. तिथे आमचा सल्ला चालणार नाही.

शेवटी वहीबद्दल. वजनाच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा : खोली. बाकड्याची उंची लिहा, म्हणजे झालं. 120 लिहिणाऱ्या त्या मुलानं त्या दिवसानंतर 50 किलोपासून परत सुरुवात केली. त्या वर्षीची चाचणी त्याच्या हातून गेली, पुढच्या वर्षी तो संघात होता. तुमचं ते एक वर्ष वाचावं, एवढ्यासाठी आज इथवर आलो.