आंद्रेआ पिर्लो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंद्रेआ पिर्लो हा इटलीच्या फुटबॉल इतिहासातील सर्वोत्तम मिडफिल्डरांपैकी एक. त्याचा जन्म १९ मे १९७९ रोजी उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात, ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो गावी झाला. इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून तो ११६ सामने खेळला आणि त्यात त्याने १३ गोल केले. २००६चा विश्वचषक, मिलानकडून दोन चॅम्पियन्स लीग विजेतेपदे आणि मिलान व युव्हेंटस या दोन क्लबांकडून मिळून इटालियन लीगची सहा विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे इटलीतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

चेहऱ्यावर ताण नाही, पावलांत घाई नाही आणि चाळीस मीटरचा पास नेमका सहकाऱ्याच्या पायात, अशी त्याची प्रतिमा जगभर रुजली. या सहजतेमुळेच त्याच्याविषयी बरेच गैरसमजही पसरले. ही सहजता जन्मजात होती, त्यामागे फारसे कष्ट नव्हते आणि दुसऱ्या कुणाचा हातभारही नव्हता, असे मानले जाऊ लागले. त्याची कारकीर्द क्रमाने पाहिली, की वेगळे चित्र दिसते.

गैरसमज १ : पिर्लो सुरुवातीपासून बचावफळीच्या पुढे राहून खेळ रचणारा मिडफिल्डर होता आणि ही भूमिका त्यानेच जन्माला घातली.

वस्तुस्थिती : पिर्लो घडला तो दहा नंबरचा खेळाडू म्हणून, म्हणजे स्ट्रायकरच्या लगेच मागे राहून गोलच्या संधी निर्माण करणारा. इटालियन फुटबॉलमध्ये या जागेला त्रेकार्तिस्ता म्हणतात. २१ मे १९९५ रोजी वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने ब्रेशाकडून सेरी आ या अव्वल लीगमध्ये पदार्पण केले. २००० साली २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धा इटलीने जिंकली, तेव्हा तो संघाचा कर्णधार होता. चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील इटलीचे दोन्ही गोल त्याचे होते. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. हे सगळे यश पुढच्या जागेवरचे होते.

त्याची जागा बदलली २००१च्या पूर्वार्धात. तोवर तो इंटर मिलान या क्लबमध्ये गेला होता आणि त्या क्लबने त्याला अर्ध्या हंगामासाठी परत ब्रेशाकडे उसने दिले होते. ब्रेशाकडे त्या वेळी रोबेर्तो बाजो हा नामवंत खेळाडू होता आणि दहा नंबरची जागा अर्थातच त्याची होती. दोघांनाही संघात घ्यायचे, तर एकाला मागे सरकणे भाग होते. अनुभवी प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात आणले. तिथून त्याला अख्खे मैदान समोर दिसू लागले, चेंडू घ्यायला थोडी जास्त मोकळीक मिळाली आणि लांब पासची ताकद प्रथमच पुरेपूर कामी आली. १ एप्रिल २००१ रोजी तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध त्याने मागून उचलून दिलेला लांब पास बाजोने पहिल्याच स्पर्शात काबूत घेतला आणि गोलरक्षक व्हान डेर सारला चकवून गोल केला. पिर्लोच्या नव्या भूमिकेची ही पहिली मोठी खूण.

ही भूमिकाही नवी नव्हती. मागे राहून खेळाची सूत्रे हलवणारा मिडफिल्डर, ज्याला इटलीत रेजिस्ता म्हणतात, त्या देशाच्या फुटबॉलला आधीपासून परिचित होता. पिर्लोच्या आधी मिलानमध्ये देमेत्रियो अल्बेर्तिनीने हेच काम वर्षानुवर्षे केले. पिर्लोने या भूमिकेला नवी प्रतिष्ठा दिली. तिचा जनक तो नव्हे.

गैरसमज २ : इंटरमध्ये तो चालला नाही, कारण तेव्हा त्याच्यात तेवढी कुवत नव्हती.

वस्तुस्थिती : पिर्लो १९९८ साली इंटरमध्ये गेला, तेव्हा क्लब अस्थिर होता. १९९८-९९च्या एकाच हंगामात इंटरने चार प्रशिक्षक पाहिले आणि संघ आठव्या स्थानी राहिला. नवा प्रशिक्षक येऊन संघ बसवेपर्यंत पुढचा येत होता. अशा ठिकाणी एकोणीस वर्षांच्या खेळाडूला सलग सामने मिळणे अवघड होते. शिवाय त्याच्या जागेसाठी बाजो आणि युरी जोर्काएफसारखे नामवंत रांगेत होते. पुढचा हंगाम तो रेजिना या क्लबकडे उसना गेला आणि तिथे नियमित खेळला.

२००१च्या उन्हाळ्यात इंटरने त्याला शहरातील प्रतिस्पर्धी मिलानला विकले. किंमत होती ३५ अब्ज लिरा, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख युरो. कुवत नसलेल्या खेळाडूसाठी कुणी एवढी रक्कम मोजत नाही. गुण होते, ते कुठे वापरायचे, हे इंटरला उमगले नाही.

गैरसमज ३ : मिलानमध्ये पिर्लोने एकट्याच्या बळावर मधली फळी चालवली.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर २००१ मध्ये मिलानची सूत्रे घेतलेल्या कार्लो आन्चेलोत्ती यांनी पिर्लोला मागच्या जागी कायम केले. त्यात एक धोका होता. बचावफळीच्या पुढचा खेळाडू ताकदवान आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावणारा असावा, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. १.७७ मीटर उंचीचा, शरीराने फारसा दणकट नसलेला पिर्लो त्यात बसत नव्हता. म्हणून आन्चेलोत्ती यांनी त्याच्या एका बाजूला जेन्नारो गात्तुझो आणि दुसऱ्या बाजूला क्लेरेन्स सीडॉर्फ उभे केले. गात्तुझो धावून चेंडू हिसकावी, सीडॉर्फ तो दबावातही राखून पुढे नेई आणि खेळाची दिशा पिर्लो ठरवी. पुढे आधी रुई कोस्ता आणि नंतर काका होते. या रचनेतून मिलानने २००३ची चॅम्पियन्स लीग, २००३-०४ची लीग आणि २००७ची चॅम्पियन्स लीग जिंकली.

त्याची कोंडी केली, की काय होते, हेही दिसले. मार्च २०१० मध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी पार्क जी-सुंग या कोरियन खेळाडूला पिर्लोच्या मागावर सोडले. पार्कने त्याला क्षणभरही मोकळे सोडले नाही आणि मिलान ४-० असा हरला. पार्कच्या त्या कामगिरीची दाद पिर्लोने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने दिली आहे. त्याला रोखणे अशक्य नव्हते. मात्र त्यासाठी एक चांगला खेळाडू पूर्ण वेळ खर्ची घालावा लागे.

गैरसमज ४ : तो आळशी होता, जागेवर उभा राहून पास द्यायचा.

वस्तुस्थिती : पिर्लो वेगवान नव्हता, हे खरे. पण मंद असणे वेगळे आणि न हलणे वेगळे. सामन्याच्या चित्रणात केवळ त्याच्यावर नजर ठेवली, तर तो सतत चार-पाच पावले इकडे, चार-पाच पावले तिकडे सरकताना दिसतो. ही हालचाल चेंडू मिळण्याआधीची असे. सहकाऱ्याला पास देण्याची वाट मोकळी हवी आणि प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर नको, हा तिचा हेतू. चेंडू येण्यापूर्वी तो मान वळवून आजूबाजूला पाहून घेई, त्यामुळे चेंडू पायाशी येताना पुढचा पास ठरलेला असे. पहिल्या स्पर्शातच तो चेंडू दबावाच्या विरुद्ध दिशेला काढी. इतरांना जो वेळ धावून मिळवावा लागे, तो त्याला आधीच्या निरीक्षणातून मिळे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूमागे असतो, म्हणून हे काम प्रेक्षकांच्या नजरेतून निसटले.

गैरसमज ५ : २००६चा विश्वचषक इटलीने निव्वळ बचावाच्या जोरावर जिंकला, पिर्लोचा वाटा दुय्यम होता.

वस्तुस्थिती : इटलीचा बचाव भक्कम होता, यात वाद नाही. सात सामन्यांत त्यांच्यावर दोनच गोल झाले : एक स्वयंगोल आणि एक अंतिम सामन्यातील फ्रान्सच्या झिनेदिन झिदानची पेनल्टी. पण त्याच संघाने १२ गोल केले आणि ते दहा वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. चेंडू इतक्या जणांपर्यंत पोहोचत होता, त्याचे मोठे श्रेय मधल्या फळीला जाते.

स्पर्धेतील इटलीचा पहिला गोल पिर्लोचाच होता, घानाविरुद्ध. ४ जुलैला डॉर्टमुंड येथे यजमान जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना जादा वेळेत गेला. ११९व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या कडेला चेंडू पिर्लोकडे आला. फटका मारण्याची घाई न करता तो आडवा सरकला, बचावपटूंना स्वतःकडे ओढून घेतले आणि न पाहता फाबियो ग्रोसोकडे पास सरकवला. ग्रोसोने गोल केला. पाठोपाठ देल पिएरोने दुसरा. ९ जुलैला बर्लिनमधील अंतिम सामन्यात मातेराझीने ज्या कॉर्नरवर हेडरने बरोबरी साधली, तो पिर्लोने घेतला होता. शूटआउटमधील इटलीची पहिली पेनल्टीही त्यानेच मारली आणि गोल केला. घाना, जर्मनी आणि फ्रान्स या तिन्ही सामन्यांत तो सामनावीर ठरला. झिदानने मातेराझीला मारलेल्या धडकेमुळे तो अंतिम सामना जगाच्या लक्षात राहिला आणि पिर्लोची कामगिरी झाकोळली. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूंत मात्र झिदान आणि कान्नाव्हारो यांच्यानंतर तिसरा क्रमांक त्याचाच होता.

गैरसमज ६ : २०११ मध्ये मिलानने त्याला सोडले, तेव्हा तो संपला होता.

वस्तुस्थिती : २०१०-११च्या हंगामात दुखापतींमुळे पिर्लो बराच काळ बाहेर होता. प्रशिक्षक मास्सिमिलियानो आल्लेग्री यांना बचावफळीपुढे मार्क व्हान बोमेलसारखा कणखर खेळाडू हवा होता. मिलानने ती लीग जिंकली आणि बत्तीस वर्षांच्या पिर्लोचा करार संपू दिला. तो एक पैसाही न मोजता युव्हेंटसला मिळाला. त्याआधीचे सलग दोन हंगाम युव्हेंटस लीगमध्ये सातवा राहिला होता.

आन्तोनियो कोन्ते यांच्या मार्गदर्शनाखाली युव्हेंटसने २०११-१२ची लीग ३८ पैकी एकही सामना न गमावता जिंकली. त्या हंगामात पिर्लोच्या पासवर १३ गोल झाले. तो होता तोवर, म्हणजे २०१५पर्यंत, युव्हेंटसने सलग चार वेळा लीग जिंकली. धावण्याचा भार वाहायला त्याच्या बाजूला आर्तुरो विदाल आणि क्लाउदिओ मार्किझियो होते, म्हणजे मिलानमधलीच योजना नव्या माणसांनिशी. २०१५ साली हा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. तिथे बार्सिलोनाने त्याला ३-१ असे हरवले.

गैरसमज ७ : फ्री किकची कला त्याला उपजत होती.

वस्तुस्थिती : पिर्लोने ती शिकून घेतली, तीही मोठा खेळाडू झाल्यावर. ब्राझीलचा जुनिन्यो पेर्नाम्बुकानो हा त्याचा आदर्श. त्याचा चेंडू हवेत अचानक दिशा का बदलतो, हे शोधण्यासाठी पिर्लोने त्याच्या किकांचा बारकाईने अभ्यास केला आणि सरावात असंख्य फटके वाया घालवले. शेवटी त्याला उलगडले, की चेंडूच्या खालच्या भागावर पायाच्या पुढच्या तीन बोटांनीच आघात करायचा आणि पाय शक्य तितका सरळ ठेवायचा. मग चेंडू स्वतःभोवती फारसा फिरत नाही, हवेत डुलतो आणि गोलजवळ झपकन खाली येतो. हा सारा प्रयोग त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. सेरी आमध्ये त्याने थेट फ्री किकवर २६ गोल केले. त्याच्या पुढे फक्त सिनिशा मिहायलोविच (२८) आहे. १६ जून २०१३ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर मेक्सिकोविरुद्धच्या आपल्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यातही त्याने फ्री किकवर गोल केला.

गैरसमज ८ : इंग्लंडविरुद्धची ‘पानेन्का’ हा निव्वळ दिखावा होता आणि दडपण त्याला कधी जाणवतच नसे.

वस्तुस्थिती : २४ जून २०१२, कीव्ह. युरो स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीतील शूटआउटमध्ये इटलीची एक पेनल्टी हुकली होती आणि इंग्लंड २-१ असा पुढे होता. गोलरक्षक जो हार्ट हातवारे करून समोरच्याचे चित्त विचलित करू पाहत होता. तो लवकर झेपावणार, हे ओळखून पिर्लोने चेंडू हलकेच उचलून गोलच्या मधोमध टाकला. चेकोस्लोव्हाकियाच्या आन्तोनिन पानेन्काने १९७६च्या युरो अंतिम सामन्यात हाच फटका मारला होता, म्हणून त्याला हे नाव. त्यानंतर इंग्लंडच्या अ‍ॅश्ली यंगचा फटका आडव्या खांबावर आदळला, अ‍ॅश्ली कोलचा बुफ्फोनने अडवला आणि इटली जिंकली. पिर्लोने गोलरक्षकाची चाल ओळखली, त्याच्या आत्मविश्वासाला धक्का द्यायचे ठरवले आणि मगच तो फटका मारला.

दडपण त्यालाही जाणवत असे. २००५च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात इस्तंबूलला मिलानने लिव्हरपूलविरुद्धची ३-० आघाडी गमावली आणि शूटआउटमध्ये पिर्लोची पेनल्टी गोलरक्षक येझी डुडेकने अडवली. त्या पराभवानंतर फुटबॉल सोडण्याचा विचार मनात आला होता, असे त्याने लिहिले आहे. दोन वर्षांनी अथेन्समध्ये त्याच लिव्हरपूलला मिलानने २-१ असे हरवले. त्यातील पहिला गोल पिर्लोची फ्री किक इन्झागीच्या अंगाला लागून झाला.

गैरसमज ९ : थोर खेळाडू होता, म्हणून प्रशिक्षक म्हणूनही यश ठरलेलेच होते, किंवा, प्रशिक्षक म्हणून तो पूर्ण फसला.

वस्तुस्थिती : दोन्ही मते एकांगी आहेत. न्यूयॉर्क सिटी क्लबकडून २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या पिर्लोला ३० जुलै २०२० रोजी युव्हेंटसच्या २३ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षकपद मिळाले. अवघ्या नऊ दिवसांनी, एकाही सामन्याचा अनुभव नसताना, मुख्य संघ त्याच्याकडे आला. २०२०-२१च्या हंगामात युव्हेंटसने इटालियन सुपर कप आणि इटालियन कप जिंकले. पण सलग नऊ लीग विजेतेपदांची मालिका तुटली, संघ चौथा आला आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोने त्याला उपउपांत्यपूर्व फेरीतच बाहेर काढले. मे २०२१ मध्ये पिर्लोला पद सोडावे लागले. पुढे तुर्कस्तानातील फातिह काराग्युमर्युक आणि इटलीतील साम्पदोरिया या क्लबांत त्याला मोठे यश लाभले नाही. प्रशिक्षकाला स्वतःला दिसते ते अकरा जणांना दाखवता यावे लागते. ते कौशल्य वेगळे आणि तेही शिकूनच येते.

पिर्लोची गुणवत्ता असामान्य होती. तिला योग्य जागा माझोने यांनी दिली, आन्चेलोत्ती यांनी तिच्याभोवती संघ बांधला, गात्तुझोपासून विदालपर्यंतच्या सहकाऱ्यांनी तिचे रक्षण केले आणि स्वतः पिर्लोने निरीक्षण व सरावाने तिला धार लावली. त्याला केवळ दैवी देणगीचा धनी म्हणणे हे त्याच्या कष्टांवर आणि या साऱ्यांवरही अन्याय करणारे आहे.